आपलं अ‍ॅप अकाउंटिंग सॉफ्टवेअरला जोडायचंय? नवख्यांसाठी सुरुवातीपासून

तपकीर गल्लीतल्या एका इलेक्ट्रिकल सामानाच्या व्यापाऱ्याचं काम माझ्याकडे आलं होतं. ऐकायला एकदम किरकोळ, त्यांच्या ऑर्डरच्या अ‍ॅपमध्ये बिल बनतं ते झोहो बुक्समध्ये (ऑनलाइन हिशेबाचं सॉफ्टवेअर, पुढे नुसतं बुक्स म्हणतो) आपोआप गेलं पाहिजे, बास. तोपर्यंत दुकानातला एक मुलगा रोज संध्याकाळी दिवसभराची साठ-सत्तर बिलं एका स्क्रीनवर बघून दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करत बसायचा. मी म्हटलं, शेठ आठ दिवसांत करून देतो. अडीच महिने लागले. एपीआय (एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी बोलायचं दार) अवघड होतं असं अजिबात नाही, एपीआय सोपंच असतं, जेसन (ठरलेल्या साच्यातला मजकूर) पाठवा जेसन घ्या. वेळ गेला तो मला हिशेबातलं शून्य कळत होतं म्हणून, आणि आपल्या कोडमधली चूक इथे स्क्रीनवर लाल अक्षरात दिसत नाही, ती दीड महिन्यानं सीएच्या ऑफिसातून फोन बनून येते, म्हणून.

तर जे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते सगळं इथे ओळीनं लिहितोय. उदाहरणं बरीचशी झोहोची आहेत कारण हात तिथे बसलाय, पण बाणेर-हिंजवडीत बसून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या क्लायंटचं काम करणारे बरेच जण आहेत, त्यांच्या वाट्याला झीरो येतं (ते एक्सने लिहितात ते, मूळ न्यूझीलंडचं) आणि अमेरिकेचं काम असेल तर क्विकबुक्स, म्हणून मधूनमधून त्यांचंही सांगतो.

पायरी १: कोड उघडू नका, अकाउंटंटकडे जा

खरंच. अर्धा दिवस काढा, त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि ते काय करतात ते नुसतं बघा. आमच्या केसमध्ये सीए मॅडमचं ऑफिस सदाशिव पेठेत, मी गेलो आणि पहिल्याच दहा मिनिटांत कळलं की मी ज्याला "पेमेंट" म्हणत होतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी होत्या: बिलापोटी आलेले पैसे, बिल व्हायच्या आधी आलेला अ‍ॅडव्हान्स, आणि गिऱ्हाइकानं परत केलेल्या मालापोटी वळते केलेले पैसे. माझ्या डेटाबेसमध्ये तिन्हींना एकच टेबल. मॅडम हसल्या फक्त.

नावे आणि जमा एवढं तरी समजून घ्या. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एका खात्याला नावे पडलं की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात जमा पडतंच, आणि तुम्ही एपीआयमधून एक बिल पाठवता तेव्हा मागे गिऱ्हाइकाचं खातं, विक्रीचं खातं, जीएसटीचं खातं अशा तीन-चार ठिकाणी आकडे हलतात. बिल म्हणजे टेबलमधली एक रो असं डोक्यात असेल तर पुढचं सगळं चुकत जातं.

दुसरा प्रश्न त्यांना विचारायचा तो असा, की कुठल्या माहितीचा मालक कोण? गिऱ्हाइकाचा पत्ता बदलला तर तो अ‍ॅपमध्ये बदलायचा का बुक्समध्ये? मालाचा दर कुठला खरा? हे कागदावर लिहून घ्या. आणि माझं ऐकाल तर पहिले दोन-तीन महिने एकाच दिशेनं पाठवा, अ‍ॅपमधून बुक्समध्ये. "दोन्हीकडून सिंक" (दोन्हीकडची माहिती आपोआप एकसारखी ठेवणं) हे मीटिंगमध्ये बोलायला छान वाटतं, पण दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाला की कोण जिंकणार हे ठरवत बसण्यात महिना जातो, आणि बहुतेकांना ते नकोच असतं, त्यांना फक्त परत टाइप करायचा वैताग नको असतो.

पायरी २: समोर नेमकं कुठलं सॉफ्टवेअर आहे ते विचारा

गंमत वाटेल पण हे होतं. गिऱ्हाईक म्हणतं "आमचं ऑनलाइन आहे" आणि जाऊन बघावं तर टॅली, रिमोटवरून उघडलेलं. टॅलीची जोडणी हा वेगळाच प्रकार आहे, तिथे तुम्ही त्याच कॉम्प्युटरच्या पोर्टवर (सहसा ९०००) एक्सएमएल पाठवता, म्हणजे तो कॉम्प्युटर चालू पाहिजे, टॅली चालू पाहिजे, आणि योग्य ती कंपनी उघडलेली पाहिजे. दुपारी दुकान बंद करताना कुणी मेन स्विच पाडला की तुमचं सिंक पण जेवायला गेलं. त्याचे भाव वेगळे लावा.

आणि क्विकबुक्स म्हणत असतील तर ते भारतातल्या धंद्यासाठी नाहीये ना बघून घ्या, कारण ते बनवणाऱ्या इंट्यूट कंपनीनं भारतातलं क्विकबुक्स ३१ जानेवारी २०२३ ला बंद केलंय. जुने ब्लॉग वाचून त्याचा जीएसटी सेटअप शोधत बसू नका, मी एक संध्याकाळ घालवलीये.

पायरी ३: खोटी कंपनी उघडा

खऱ्या वहीवर प्रयोग करायचे नाहीत. क्विकबुक्स डेव्हलपर अकाउंटबरोबर सँडबॉक्स देतं, झीरोमध्ये डेमो कंपनी असते (ती काही दिवसांनी आपोआप कोरी होते, घाबरू नका), झोहोत सरळ एक वेगळी ऑर्गनायझेशन काढा टेस्टसाठी. "एकच बिल टाकून बघतो आणि डिलीट करतो" असं मनात येईल. येऊ देऊ नका. जीएसटीच्या नियमात बिलांचे नंबर ओळीनं असायला लागतात, मधला एक नंबर गायब झाला की तो का गायब आहे हे कुणाला तरी सांगत बसावं लागतं, आणि ते सांगणारे तुम्ही नसता, सीए असतात, मग त्या तुम्हाला विचारतात.

पायरी ४: लॉगिन, म्हणजे ओऑथ आणि टोकन

नवख्यांचा पहिला आठवडा इथेच जातो म्हणून जरा सावकाश सांगतो. ओऑथ म्हणजे पासवर्ड न देता तुमच्या कोडला परवानगी द्यायची पद्धत, आणि टोकन म्हणजे त्या परवानगीची चिठ्ठी.

झोहोची भारतातली खाती भारताच्या डेटा सेंटरला असतात, त्यामुळे पत्ता डॉट इन वाला लागतो, लॉगिनचा पण आणि एपीआयचा पण. नेटवरची उदाहरणं डॉट कॉमची, ती कॉपी केली की क्लायंट आयडी (तुमच्या कोडची ओळख) बरोबर, सिक्रेट (त्याचा गुप्त शब्द) बरोबर, तरी एरर. एररमध्ये हे कुठे लिहिलेलं नसतं. बरेच जण इथे सिक्रेट नवीन काढ, परत काढ करत बसतात. पहिले पत्ता बघा.

अ‍ॅक्सेस टोकन झोहो आणि क्विकबुक्समध्ये एक तास चालतं, झीरोमध्ये ३० मिनिटं. संपलं की रिफ्रेश टोकन दाखवून नवीन घ्यायचं. झोहोत पहिल्यांदा परवानगी मागतानाच ऑफलाइन अ‍ॅक्सेस पाहिजे असं सांगावं लागतं, नाही सांगितलं तर रिफ्रेश टोकन मिळतच नाही आणि तासाभरानं सगळं थांबतं, डेमो मात्र झकास होतो! आणि प्रत्येक रिक्वेस्टला नवीन अ‍ॅक्सेस टोकन मागू नका, थोड्या वेळात ते दार लावून घेतात. एक टोकन घ्या, त्याची वेळ लिहून ठेवा, संपायच्या पाच मिनिटं आधी बदला.

झीरोमध्ये वेगळी मेख आहे. तिथे रिफ्रेश टोकन वापरलं की ते जुनं होतं आणि उत्तरात नवीन रिफ्रेश टोकन येतं, पुढच्या वेळी ते द्यायचं. आता समजा तुमचे दोन वर्कर (मागे चालणारे प्रोग्रॅम) एकाच सेकंदाला टोकन बदलायला गेले, तर कुठलं शेवटचं आणि डेटाबेसमध्ये कुठलं जपलं गेलं याचा घोळ होतो आणि सकाळी क्लायंटला परत लॉगिन करायला सांगायची वेळ येते. म्हणून टोकन बदलायचं काम एकाच ठिकाणी, कुलूप लावून करा, आणि नवीन टोकन आधी डेटाबेसमध्ये लिहा मग वापरा. ६० दिवस हातच लावला नाही तर ते मरतंच, म्हणजे महिन्यातून एकदाच चालणारं काम असेल तरी अधूनमधून टोकन फिरवत राहा.

टोकन आणि सिक्रेट गिटमध्ये (कोड साठवतो तिथे) टाकू नका हे सांगायला नको खरं तर, पण सांगतो. एका धंद्याची आख्खी खातेवही त्या एका ओळीमागे आहे.

आणि हो, एका लॉगिनमध्ये तीन-तीन कंपन्या असतात. भाऊ-भाऊ धंदा करतात, एकाची फर्म, दुसऱ्याची प्रायव्हेट लिमिटेड, बायकोच्या नावावर अजून एक, आणि सगळ्यांना मेल आयडी तोच. झोहोत ऑर्गनायझेशन आयडी, झीरोत टेनंट आयडी, क्विकबुक्समध्ये रेल्म आयडी, तो प्रत्येक कॉलला पाठवायचा. यादीतली पहिली कंपनी उचलणारं कोड लिहिलंत तर एक दिवस भावाची बिलं वहिनीच्या वहीत जातील.

पायरी ५: गिऱ्हाइकं आणि माल

इथे नावावरून जुळवायला जाऊ नका. पुण्यात महालक्ष्मी ट्रेडर्स किती असतील विचार करा, आणि त्यात एकानं महालक्ष्मीच्या स्पेलिंगमध्ये एक ए जास्त घातलेला. आमच्याकडे पहिल्या सिंकनंतर एकाच पार्टीची चार खाती झाली होती आणि उधारी चौघांत वाटली गेली.

जुळवायला जीएसटी नंबर वापरा. १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गुजरात २४, कर्नाटक २९), पुढची दहा अक्षरं पॅन, मग एक नोंदणी क्रमांक, मग सहसा झेड, आणि शेवटचं अक्षर तपासणीचं. ते शेवटचं अक्षर आधीच्या चौदावरून गणितानं काढता येतं, म्हणजे टायपिंगची चूक तुम्ही तुमच्या फॉर्ममध्येच पकडू शकता, नक्की पकडा. ज्यांच्याकडे नंबर नाही अशी किरकोळ गिऱ्हाइकं असतील तर मोबाइल नंबरवर जुळवा, किंवा सीएला विचारून सगळ्यांना एका "रोख विक्री" खात्यात टाका. आणि जुळलं की बुक्सचा आयडी आणि तुमचा आयडी यांची जोडी स्वतःच्या टेबलात लिहून ठेवा, परत परत शोधू नका.

टॅक्सचं तर कानाला खडा. टक्के कोडमध्ये लिहायचे नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ चे टप्पे जवळजवळ गेलेच, एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले. ज्यांनी कोडमध्ये "जर एसी तर २८" लिहून ठेवलं होतं त्यांची नवरात्राची पहिली रात्र कशी गेली असेल! सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टॅक्सचा आयडी असतो, तो मागवा आणि तोच पाठवा. दर बदलण्याआधीच्या बिलावर माल परत आला तर क्रेडिट नोटला (ते पैसे वळते करायच्या कागदाला) त्या जुन्या बिलाचाच दर लागतो, म्हणजे जुने टॅक्स आयडी पुसून टाकून चालत नाही.

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) अर्धा-अर्धा, बाहेरच्या राज्यात एकच आयजीएसटी. ठरतं ते माल कुठे पुरवला त्यावरून, म्हणून "प्लेस ऑफ सप्लाय" हा रकाना रिकामा सोडू नका. रिकामा सोडला की सॉफ्टवेअर स्वतःच काहीतरी गृहीत धरतं, आणि बेळगावच्या पार्टीला महाराष्ट्राचा एसजीएसटी लागतो. बेळगाव असल्यानं वाद वेगळाच व्हायचा.

पायरी ६: एक पैसा

हा भाग कंटाळवाणा वाटेल तरी पूर्ण वाचा, कारण सगळ्यात जास्त शिव्या मी यापायी खाल्ल्यात.

दशांशाचे आकडे फ्लोटमध्ये (कॉम्प्युटरचा दशांश आकडे अंदाजे साठवायचा प्रकार) ठेवायचे नाहीत. ०.१ आणि ०.२ ची बेरीज कॉम्प्युटर ०.३०००००००००००००००४ देतो हे सगळ्यांनी कॉलेजात बघितलेलं असतं आणि नोकरीत सगळे विसरतात. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात ठेवा, किंवा भाषेतला डेसिमल प्रकार वापरा.

आता खरी गंमत. १०० रुपयांची एक केबल, जीएसटी धरून, दर १८ टक्के. मूळ किंमत किती? १०० भागिले १.१८, म्हणजे ८४.७४५ आणि पुढे, धरा ८४.७५. त्यावर ९ टक्के सीजीएसटी ७.६२७५, म्हणजे ७.६३. एसजीएसटी पण ७.६३. बेरीज करा: १००.०१. गिऱ्हाइकानं शंभराची नोट दिली, बुक्स म्हणतंय एक पैसा बाकी आहे. अशा दिवसाला चाळीस केबली विकल्या जातात आणि महिनाअखेरीला "थकबाकी" यादीत बाराशे पार्ट्या, प्रत्येकी एक पैसा. शेठ विचारतात हे काय आहे, तुम्ही त्यांना काय सांगणार, फ्लोटिंग पॉइंट?

दुसरा प्रकार, ओळीवर राउंड करायचं का एकूण बेरजेवर. साडेदहा रुपयांच्या तीन वेगळ्या वस्तू, प्रत्येकीवर ९ टक्के म्हणजे ०.९४५, ओळीवर राउंड केलं तर ०.९५ तीन वेळा, झाले २.८५. बेरजेवर केलं तर ३१.५० चे ९ टक्के २.८३५, म्हणजे २.८४. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. त्यात पायथनचा राउंड बरोब्बर मधल्या आकड्याला सम आकड्याकडे वळवतो (२.५ चे २ होतात, करून बघा), आपल्या अकाउंटंटला मात्र अर्ध्याला वर जायची सवय.

उपाय एकच. टॅक्सचं गणित एकाच ठिकाणी होऊ द्या, आणि ते ठिकाण तुमचं अ‍ॅप नको. सॉफ्टवेअरमध्ये किंमत टॅक्स धरून आहे का सोडून हे सांगायची सोय असते, ती वापरा, मूळ किंमत स्वतः काढून पाठवू नका. राउंड ओळीवर का बेरजेवर ही सेटिंग असते ती बघा. बिल तयार झालं की उत्तरात जो एकूण आकडा आला तो तुमच्या आकड्याशी ताडा, आणि पैशाचा फरक राहिलाच तर राउंड ऑफची वेगळी ओळ टाका, तिला बुक्समध्ये खातं असतं, सीए सांगतील कुठलं.

पायरी ७: बिल पाठवणं, म्हणजे "माहीत नाही" ची गोष्ट

एका संध्याकाळी १८,४०० चं बिल गेलं. माझ्या कोडनं ३० सेकंद वाट पाहिली, उत्तर आलं नाही, टाइमआउट. कोड शहाणं होतं, त्यानं परत पाठवलं. परत टाइमआउट. तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा उत्तर आलं, मी लॉगमध्ये हिरवी टिक बघून घरी गेलो. प्रत्यक्षात तिन्ही वेळा बिल तिकडे बनलं होतं, फक्त पहिल्या दोन वेळचं उत्तर परत येताना वाटेत राहिलं होतं. पार्टीला तीन मेल गेले. दहा तारखेला मॅडमचा फोन.

"अरे, १४३, १४४ आणि १४५ नंबरचं बिल एकच आहे का?"

"बघतो मॅडम."

"बघतो नको. उद्या अकरा तारीख आहे."

अकरा तारीख म्हणजे जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं रिटर्न) भरायची शेवटची तारीख, हे मला त्या दिवशी कळलं ते आजतागायत विसरलो नाही.

तर मुद्दा असा की पाठवण्याचे निकाल दोन नसतात, तीन असतात: झालं, झालं नाही, आणि माहीत नाही. टाइमआउट म्हणजे "माहीत नाही", ५०० (तिकडच्या सर्व्हरची एरर) आला तरी बऱ्याचदा "माहीत नाही"च. आणि "माहीत नाही" वर उपाय परत पाठवणं हा नाही, आधी जाऊन विचारणं हा आहे.

करायचं काय, तर अ‍ॅपमध्ये ऑर्डर पक्की झाली की त्याच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही नोंदी होतील नाहीतर एकही नाही) एका "पाठवायचं आहे" टेबलात ओळ टाका. वेबसाइटच्या रिक्वेस्टमधून थेट बुक्सला कॉल करू नका, दुकानातला माणूस गोल फिरणारं चक्र बघत बसतो. मागे एक वर्कर ठेवा, एका कंपनीला एकच वर्कर, तो ओळीनं एकेक उचलेल. बिलाच्या रेफरन्स नंबरच्या रकान्यात तुमचा ऑर्डर नंबर घाला. उत्तर आलं नाही तर ओळीवर "माहीत नाही" शिक्का, आणि पुढच्या फेरीला त्या रेफरन्स नंबरनं बुक्समध्ये शोधा, सापडलं तर त्याचा आयडी लिहून घ्या आणि पुढे चला, नाही सापडलं तरच परत पाठवा.

क्विकबुक्समध्ये यासाठी रिक्वेस्ट आयडी आणि झीरोमध्ये आयडेम्पोटन्सी की पाठवायची सोय आहे, तोच आयडी दुसऱ्यांदा गेला तर ते नवीन बिल बनवत नाहीत. वापराच, पण तो आयडी तुमच्या टेबलातल्या ओळीबरोबर आधीच बनवून ठेवलेला पाहिजे, दर प्रयत्नाला नवीन बनवलात तर त्याचा उपयोग काय? झोहोत बिलाचा नंबर तुम्ही स्वतः दिलात तर त्याच नंबरचं दुसरं बिल ते घेतच नाही, ही पण एक चांगली राखण आहे.

नंबर स्वतः देणार असाल तर एक लक्षात ठेवा, जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, आणि त्यात अक्षरं, आकडे, डॅश आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. मी हौसेनं शहर, दुकान, पूर्ण वर्ष आणि सहा आकडी क्रमांक असा सुंदर नंबर बनवला होता, २१ अक्षरं भरली. मग सगळं सोडून २५-२६, तिरकी रेघ, क्रमांक. १ एप्रिलला परत एकपासून सुरू.

आणि टेस्ट करताना पार्टीला आपोआप मेल जाण्याची सेटिंग आधी बंद करा. पहिले बंद, मग बाकीचं.

पायरी ८: तारीख

सर्व्हर यूटीसीवर (जागतिक वेळेवर) चालतो, आपण साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला रात्री साडेबाराला चाललेल्या जॉबसाठी यूटीसीत अजून ३१ मार्चचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. नुसती तारीख कापून पाठवली की बिल आदल्या आर्थिक वर्षात गेलं. बाकी वर्षभर ही चूक एका दिवसाची, मार्चअखेरीला पूर्ण वर्षाची. बिलाची तारीख ही वेळ नाही, ती दुकानदारानं बिलावर छापलेली तारीख आहे, म्हणून ती वेगळ्या रकान्यात, नुसती तारीख म्हणून साठवा आणि कधीही टाइमझोनमधून फिरवू नका. एवढंच.

पायरी ९: हळू चला

झोहो बुक्स एका कंपनीला मिनिटाला १०० कॉल देतं, झीरो ६०, आणि दोन्हीकडे दिवसाची मर्यादा पण आहे. धनत्रयोदशीला दुकानात गर्दी असते तेव्हा बिल एक, पार्टी शोधा एक, माल शोधा चार, पेमेंट एक असे बिलामागे सात कॉल होतात, म्हणजे मिनिटाला चौदा बिलांवरच दम लागतो. म्हणून पार्टी आणि मालाचे आयडी स्वतःकडे ठेवा म्हणालो. ४२९ (फार कॉल झाले अशी एरर) आला की थांबा, किती थांबायचं ते उत्तराच्या हेडरमध्ये दिलं असेल तर तेवढं, नसेल तर दर वेळी दुप्पट. यादी मागवताना पानापानानं येते, पुढचं पान आहे का हे बघितल्याशिवाय थांबू नका, पहिली २०० गिऱ्हाइकं म्हणजे सगळी गिऱ्हाइकं असं समजून मी एकदा उरलेल्यांची नवी खाती काढली होती.

पायरी १०: तिकडून येणारे निरोप

बुक्समध्ये काही बदललं की ते वेबहुकनं तुम्हाला कळवतं. निरोप आला की सही (तो खरंच तिकडूनच आल्याची खूण) तपासा, आणि ती सही आलेल्या कच्च्या मजकुरावर तपासायची, जेसन उघडून परत बांधलेल्यावर नाही, एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी जुळत नाही. मग निरोप टेबलात टाकून लगेच २०० (म्हणजे "पोचलं") असं उत्तर द्या, काम नंतर करा. झीरो पाच सेकंदच थांबतं. एकच निरोप दोनदा येतो, उलट्या क्रमानं पण येतो, कधी येतच नाही, म्हणून निरोपातल्या आकड्यांवर विसंबू नका, निरोप म्हणजे नुसती टकटक, आत जाऊन ताजं बिल परत वाचा.

पायरी ११: पुसायचं नाही

आपल्याला डिलीट आणि अपडेटची सवय. वहीत ती चालत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही, म्हणजे तुमच्या कोडनं रात्री दोनला बिल चारदा बदललं तर ऑडिटरला ते चारही बदल दिसतात, आणि "कुणी केलं" मध्ये ज्याच्या लॉगिननं तुम्ही टोकन घेतलंत त्याचं नाव. बिचाऱ्या शेठचं. जोडणीसाठी वेगळा यूजर काढा.

माल परत आला, रक्कम चुकली तर क्रेडिट नोट. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर बी-टू-बी (एका धंद्यानं दुसऱ्या धंद्याला केलेल्या) बिलांना ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं, तिथे ६४ अक्षरी आयआरएन (त्या नोंदणीचा नंबर) एकदा मिळाला की पोर्टलवर रद्द करायला २४ तास, त्यातही बदल करता येत नाही, आणि रद्द केलेल्या बिलाचा नंबर परत वापरता येत नाही. म्हणून आमच्याकडे बिल आधी ड्राफ्ट म्हणून जातं, दुकानातला मुलगा बघून मंजूर करतो, मग पुढे.

रिटर्न भरलं की सीए मागचा महिना कुलूप लावून ठेवतात. मग तुमचं उशिरा पोचलेलं बिल नाकारलं जातं. ही एरर परत परत पाठवून सुटणारी नाही आणि तारीख बदलून गुपचूप ढकलायची तर मुळीच नाही, ती माणसाला दाखवा. दाखवताना इंग्रजी कोड फेकू नका, "मार्च महिना बंद झालाय, सीएंना विचारा" असं सरळ मराठीत लिहा, दुकानात वाचणारा माणूस डेव्हलपर नसतो.

पायरी १२: रोज रात्री ताळा

दिवस संपला की दोन्हीकडचे दोन-दोन आकडे काढा, अ‍ॅपमध्ये आज किती बिलं आणि किती रुपये, बुक्समध्ये किती बिलं आणि किती रुपये. चारही आकडे दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. फरक असेल तर कुठली बिलं ती यादी. हे कोड शंभर ओळींचं पण नाही आणि बाकी सगळ्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. मी हे सगळ्यात शेवटी लिहिलं, तुम्ही सगळ्यात आधी लिहा, म्हणजे टेस्ट करतानाच कळत जाईल.

सुरू करायला तारीख निवडताना १० ते २० च्या मधली नको, ११ ला जीएसटीआर-१ आणि सर्वसाधारणपणे २० ला जीएसटीआर-३बी (टॅक्स भरायचं रिटर्न), सीएंचा फोन त्या दिवसांत उचललाच जात नाही. मार्च-एप्रिल नको, दिवाळी नको. २२ तारखेच्या आसपासचा एखादा मंगळवार बघा. पहिला आठवडा मुलाला टाइपिंग चालू ठेवू द्या, ते खोट्या कंपनीत करायला सांगा, आणि दोन्हीच्या बेरजा ताडा. आणि सिंक बंद करायचं एक बटण शेठच्या मोबाइलमध्ये द्या, तुमच्या लॅपटॉपमध्ये नाही. आमच्या शेठनी ते आत्तापर्यंत दोनदा दाबलंय, त्यातलं एकदा नातवानं.